बाहेरच्या स्मार्ट प्लगमध्ये टास्मोटा: सोल्डरिंग सोपं, सील अवघड

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ घर, बाग, बागेत एलईडी माळा आणि कारंज्याची छोटी मोटर. मेहुण्यांनी जर्मनीहून दोन सॉकेटचा, हातभर वायर असलेला, बाहेर लावायचा स्मार्ट प्लग आणून दिलाय. तो कंपनीच्या ॲपवर चालतो, पण नेट गेलं की ॲपमध्ये नुसतं गोल चक्र फिरत राहतं. म्हणून त्यातलं फर्मवेअर (चिपमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर) काढून टास्मोटा टाकायचं आहे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरविना घरच्या वाय-फायवर चालणारं पर्यायी फर्मवेअर. टाकता येईल का, झाकण उघडलं तर पावसात टिकेल का, आणि पुढे त्यावर बोअरची मोटर जोडली तर चालेल का, असे तुमचे तीन मुद्दे.

टाकता येईल की नाही हे आत कुठली चिप आहे त्यावर ठरेल. बाकी दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर साधारण ‘नाही’कडे झुकणारं आहे. का ते सांगतो. गेली सहा-सात वर्षं मी ही कामं करतोय आणि त्यात काही प्लग स्वतःच्या हातांनी मारलेही आहेत.

आधी चिपचं बघू. टास्मोटा चालतं फक्त एस्प्रेसिफ या कंपनीच्या चिपवर, म्हणजे ईएसपी८२६६, तिचंच भावंड ईएसपी८२८५, किंवा ईएसपी३२ मालिकेतली एखादी. तुम्ही ॲपचं जे वर्णन केलंय त्यावरून प्लग ट्युयाच्या, म्हणजे इतर ब्रँडना स्मार्ट उपकरणांचं तयार तंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या, प्लॅटफॉर्मवरचा दिसतो. डब्यावर नाव कुणाचंही असो, पोटात ट्युयाचं मॉड्यूल (वाय-फाय चिपची तयार पट्टी) असलेले प्लग बाजारात पोत्याने आहेत. पूर्वी त्या मॉड्यूलमध्ये ईएसपी असायची आणि तेव्हा आमचे सोन्याचे दिवस होते. २०१८ च्या अखेरीस जर्मनीतल्याच व्हीट्रस्ट या सुरक्षा कंपनीवाल्यांनी ट्युयाच्या अपडेट पद्धतीतली भोकं जगासमोर मांडली. त्यावरून ट्युया-कन्व्हर्ट नावाचं साधन निघालं. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) टेबलावर ठेवायचा, प्लग शेजारी लावायचा, आणि एकही स्क्रू न काढता टास्मोटा आत. पुढे कंपनीने ती भोकं बुजवली आणि हळूहळू चिपही बदलली. आता पुष्कळ मॉड्यूलमध्ये बेकेन कंपनीची बीके७२३१ चिप असते, टी किंवा एन प्रकारची. तिच्यावर टास्मोटा चालत नाही. त्यासाठी ओपनबेकेन हे वेगळं फर्मवेअर आहे. ते दिसायला-वागायला टास्मोटाच्या जवळचंच. किंवा ईएसपीहोम हे आणखी एक फर्मवेअर टाकता येतं, कारण २०२३ च्या सप्टेंबरपासून त्यात लिब्रेटायनी या जोडप्रकल्पामार्फत बेकेनची सोय आली.

उघडण्याआधी चिप ओळखायची एक घरगुती युक्ती आहे. प्लग वाय-फायला जोडा, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी काढा आणि प्लगचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) बघा. पहिले सहा आकडे-अक्षरं कुठल्या कंपनीच्या नावावर आहेत ते शोधलं की ‘एस्प्रेसिफ’ आलं तर आनंद. ‘ट्युया’ आलं तर बहुधा बेकेन. हा पुरावा नाही, नुसता सुगावा. ब्लॅकॲडर या संकेतस्थळावरची टेम्पलेटची, म्हणजे उपकरणागणिक तयार सेटिंगची, यादीही जरूर चाळा. तिथे हजारो उपकरणं आहेत, आणि मॉडेल नंबर तंतोतंत जुळला तर कुठल्या पिनवर कुठला रिले (सॉकेट चालू-बंद करणारा आतला स्विच) हे आयतं मिळतं. तंतोतंत म्हणजे तंतोतंत, कारण डबा तोच, छपाई तीच आणि आत मॉड्यूल बदललेलं, असं सर्रास होतं.

बेकेन निघाली तर आधी ट्युया-क्लाउडकटर हे साधन वापरून बघा. तेही वाय-फायवरूनच चालतं. लिनक्सचा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय लागतो, आणि तुमच्या प्लगचं नेमकं फर्मवेअर त्याच्या प्रोफाइलमध्ये असावं लागतं. असेल तर दहा मिनिटांचं काम. नवीन मालात तेही भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे दोनदा-तीनदा करून जमलं नाही तर हट्ट सोडा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ॲप ‘नवीन अपडेट आहे’ म्हणेल तेव्हा ‘हो’ दाबू नका. अपडेटनंतर उघडी खिडकी बंद होते आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेण्यावाचून मार्ग उरत नाही.

खरं तर फर्मवेअर बदलायलाच हवं का, हेही स्वतःला विचारा. तुमची अडचण एवढीच आहे की नेट गेल्यावर प्लग ऐकत नाही. घरी होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर त्याची लोकल-ट्युया ही जोडणी वापरून मूळ फर्मवेअरसकट प्लग घरच्या घरी चालवता येतो. ट्युयाच्या डेव्हलपर खात्यातून प्लगची लोकल की (गुप्त किल्ली) काढावी लागते, ती खटपट एकदाच. मग प्लगला काही जखम नाही, सील जागच्या जागी. बाहेरच्या प्लगसाठी मी हल्ली आधी हाच मार्ग सुचवतो, गिऱ्हाईकाला तो कंटाळवाणा वाटला तरी.

एवढं सगळं करूनही उघडायचंच ठरलं तर पुढचं वाचा.

प्लग भिंतीतून काढा आणि वायरीचा टॉप, म्हणजे भिंतीत जाणारं पिनांचं टोक, डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा. काम संपेपर्यंत तो तिथून हलता कामा नये. या प्लगमधला पॉवर सप्लाय बहुतेक वेळा आयसोलेटेड (मेनपासून वेगळा केलेला) नसतो. म्हणजे बोर्डावर जिथे ‘ग्राउंड’ लिहिलंय ती जागा थेट मेन लाइनच्या एका तारेला जोडलेली असते. वीज मोजणारी बीएल०९३७ सारखी चिप असेल तर हमखास तसं समजा. अशा बोर्डाला यूएसबी-सीरियल ॲडॅप्टर (लॅपटॉपमधून चिपवर फर्मवेअर लिहायची पट्टी) जोडून, वर प्लगही भिंतीत खुपसला तर २३० व्होल्ट लॅपटॉपच्या यूएसबीत शिरतात. लॅपटॉप तर जाईलच, पण लॅपटॉपवर तुमचा हात असेल त्याचं काय? हे वाक्य मी कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराकडून म्हणून घेतो: सीरियल जोडलेली असताना मेन नाही, मेन असताना सीरियल नाही.

स्क्रू बहुतेक वेळा तीन कोनांच्या डोक्याचे असतात, नाहीतर मधे टोक असलेले टॉर्क्स. शंभर-दोनशे रुपयांच्या बिट सेटमध्ये दोन्ही मिळतात. काही स्क्रू मागच्या स्टिकरखाली लपवलेले असतात, तेव्हा आधी बोटाने चाचपून बघा. स्क्रू काढूनही झाकण सरकत नसेल आणि जोडाला रेष दिसण्याऐवजी वितळल्यासारखा एकजीव भाग दिसत असेल, तर डबा अल्ट्रासॉनिकने चिकटवलेला आहे. तो फोडावाच लागतो आणि फोडलेला डबा पावसात लावायच्या लायकीचा उरत नाही. तिथेच थांबा.

उघडला की गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी पट्टी) कशी बसली होती त्याचा फोटो काढा. मग मॉड्यूलच्या पत्र्यावरचं नाव वाचा. टीवायडब्ल्यूई३एस किंवा २एस असेल तर ईएसपी. डब्ल्यूबी३एस, डब्ल्यूबी२एस, सीबी२एस, सीबी३एस यापैकी काही असेल तर बेकेन. बेकेनचं मॉड्यूल गरम हवेने उपटून त्या जागी ईएसपी बसवणारेही लोक आहेत. डब्ल्यूबी३एसच्या जागी ईएसपी-१२ बसतंही. घरातल्या प्लगवर मी ते केलंय, पण बाहेरच्या प्लगवर नको. ओपनबेकेन चांगलं चालतं, तेवढ्यासाठी बोर्ड भाजायला नको.

मॉड्यूल आणि यूएसबी-सीरियल ॲडॅप्टर यांच्यात जोडणी चार तारांची: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, आणि टीएक्स-आरएक्स (पाठवणारी आणि घेणारी पिन) उलटसुलट. ॲडॅप्टरवर ५ आणि ३.३ चा जम्पर असतो तो मल्टिमीटरने तपासा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. माझा पहिला प्लग त्या जम्परनेच खाल्ला. दुसरी गोम करंटची. ॲडॅप्टरवरच्या एफटी२३२ चिपचा स्वतःचा ३.३ चा आउटपुट जेमतेम ५० मिलिॲम्पिअर देतो आणि ईएसपी वाय-फाय सुरू करताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते. मग लिहिताना मध्येच तुटतं, अर्धवट बूट होतं, आणि माणूस सोल्डरला शिव्या देत बसतो. एएमएस१११७ ची, म्हणजे ३.३ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरची, छोटी पट्टी चाळीस रुपयांत मिळते. ३.३ तिच्याकडून घ्या, ग्राउंड सगळ्यांचे एकत्र करा.

ईएसपी असेल तर जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडला धरून वीज द्यायची, म्हणजे चिप लिहून घ्यायच्या अवस्थेत जागी होते. बेकेनमध्ये सीईएन ही रीसेटची पिन क्षणभर ग्राउंडला टेकवून सोडायची, ती वेळ साधायला दोन-चार प्रयत्न लागतात. लिहिण्याआधी मूळ फर्मवेअर वाचून फाइल ठेवा, परत जायचं झालं तर तीच दोरी. ती फाइल कुणाला पाठवू मात्र नका, तिच्यात तुमच्या वाय-फायचा पासवर्ड आहे. मग जुनं पुसायचं, नवं लिहायचं, तार काढून पुन्हा वीज द्यायची. फोनच्या वाय-फाय यादीत ‘टास्मोटा’ नावाचं नेटवर्क दिसलं की १९२.१६८.४.१ वर जाऊन घरच्या वाय-फायचं नाव-पासवर्ड भरा. एवढंच. यूट्यूबवर ज्याचे पाऊण-पाऊण तासाचे व्हिडिओ आहेत ते काम हे.

टेबलावर ३.३ वर चालवताना रिले ‘टक’ करणार नाही. त्याची कॉइल ५ किंवा १२ व्होल्टची असते. घाबरू नका. पिन बरोबर आहे का ते मल्टिमीटरने बघा.

सीरियलच्या तारा काढून, डबा निदान तात्पुरता बंद करून, पहिली मेन जोडणी सिरीज बोर्डवर करा. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत कुठे सोल्डरचा थेंब पडून शॉर्ट झाला असेल तर बल्ब भगभगीत पेटेल आणि प्लग वाचेल. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर सगळं ठीक.

आता सेटिंग. माणसं इथे घाई करतात आणि नंतर महिनाभर फोन करतात. (कमांड प्लगच्या वेब पानावरच्या कन्सोलमध्ये, इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात, मी इथे उच्चार लिहितोय.)

सगळ्यात आधी ‘सेटऑप्शन६५ १’. टास्मोटात एक सोय आहे. वीज दहा सेकंदांच्या आत जा-ये अशी सहा वेळा झाली आणि सातव्यांदा आली, की प्लग समजतो मालकाला सगळं पुसायचंय, आणि कोरा होतो. ज्यांच्याकडे लाइट जात नाही त्यांच्यासाठी ही सोय उत्तम. आपल्याकडे जूनमधला पहिला वळीव आला की फीडर असाच झटके खातो, येते-जाते-येते-जाते, आणि सकाळी बागेतला प्लग ‘टास्मोटा’ नावाचं उघडं नेटवर्क पसरवत बसलेला सापडतो. ही कमांड ती सोय बंद करते. सोबत ‘सेटऑप्शन१ १’ द्या, म्हणजे बटण चाळीस सेकंद दाबून धरल्यावर होणारं पुसणंही बंद. बागेत पोरं खेळतात, बटण दिसलं की दाबतात.

मग ‘पॉवरऑनस्टेट’. लाइट गेली आणि आली की सॉकेट कसे असावेत ते हे ठरवतं. मूळ किंमत ३ असते, म्हणजे जाताना जसं होतं तसंच परत. दिव्यांना ते चालतं. पण ही किंमत अख्ख्या प्लगला लागते, एकेका सॉकेटला नाही. तुमच्या दुसऱ्या सॉकेटवर मोटर आहे, म्हणून ० ठेवा. रात्री दोनला लाइट आली आणि कोरड्या हौदात मोटर सुरू झाली, हे कुणाला हवंय? तिच्यासाठी ‘पल्सटाइम२ १९००’ सुद्धा द्या. १११ च्या वरचे आकडे सेकंदांचे असतात पण १०० वजा करून, म्हणजे १९०० चे झाले १८०० सेकंद, अर्धा तास. कोणीही, कुठूनही सुरू केली तरी अर्ध्या तासाने मोटर बंद. हे प्लगच्या पोटातच घडतं, त्याला ना नेट लागतं ना वाय-फाय.

टायमरचं एक गंमतशीर प्रकरण. टास्मोटात सोळा टायमर आहेत आणि सूर्यास्ताला दिवे लावायची सोयही आहे. एका गिऱ्हाईकाकडे दिवाळीच्या तोंडावर सगळं लावून दिलं, वेळेचा पट्टा ‘टाइमझोन +५:३०’ दिला आणि निघालो. रात्री त्यांचा फोन, दिवे साडेनऊ वाजून गेल्यावर लागले! टास्मोटात मूळचे अक्षांश-रेखांश पॅरिसचे असतात, आयफेल टॉवरचे. मी ते बदललेच नव्हते. प्लग बिचारा पॅरिसचा सूर्य मावळायची वाट बघत बसला होता. तुम्ही ‘लॅटिट्यूड १७.६८’ आणि ‘लाँगिट्यूड ७४’ द्या, साताऱ्याचा सूर्य मिळेल.

पण घड्याळाची खरी मेख पुढेच आहे. प्लगमध्ये सेल नसतो. लाइट जाऊन आली की तो वेळ विसरतो आणि नेटवरून पुन्हा विचारतो. नेट नसेल तर त्याला वेळच माहीत नाही, आणि वेळ माहीत नाही म्हणून टायमर चालत नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी हा सगळा उद्योग केला तेच पुन्हा दारात उभं. उपाय दोन. राउटरला छोटा यूपीएस लावा, किंवा घरातच वेळ सांगणारं काहीतरी ठेवा. होम असिस्टंटचा रास्पबेरी पाय असेल तर तो हे काम करू शकतो, मात्र तोही यूपीएसवर हवा. पल्सटाइमला घड्याळ लागत नाही, म्हणून मोटरसाठी मी टायमरपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवतो.

वीज मोजायची असेल तर एकदा कॅलिब्रेट करा. तोच १०० वॉटचा बल्ब लावून, मल्टिमीटरने घरचे व्होल्ट मोजून ‘व्होल्टेजसेट’ आणि ‘पॉवरसेट’ द्या. एलईडीवर कॅलिब्रेट करू नका, आकडे वेडेवाकडे येतात. आणि ‘वेबपासवर्ड’ विसरू नका.

आता पाऊस. प्लगवर आयपी४४ लिहिलेलं असेल. पहिला ४ म्हणजे एक मिलिमीटरहून जाड काही आत जाणार नाही, दुसरा ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी सोसेल. उडालेलं. तास-तास आडवा मारणारा सातारी पाऊस त्यात धरलेला नाही. आणि हा आकडा कारखान्यात बंद झालेल्या डब्याचा आहे. तुम्ही उघडलात, की कागदोपत्री तो संपला. नीट बंद करून पुष्कळ परत मिळवता येतं, पण सिलिकॉन कुठलं वापरता त्यावर सगळं आहे.

२०२१ च्या मे महिन्यात मी एक प्लग उघडून, फर्मवेअर टाकून, हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या पारदर्शक सिलिकॉनने झकास बंद केला. कडेने एकसारखी वात सोडली, फोटो काढण्यासारखी. ऑगस्टमध्ये तो परत आला, वाय-फाय सोडतो म्हणून. उघडला तर आत पाण्याचा टिपूस नाही. पण मॉड्यूलच्या पायांवर आणि तांब्याच्या रेषांवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि नाकाला व्हिनेगरचा वास. ते स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. बंद डब्यात ते बाहेर कुठे जाणार? त्याने आतलं तांबं खाल्लं. पावसाने काहीच केलं नव्हतं, जे केलं ते मी केलं होतं. तेव्हापासून फक्त न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. नळीवर तसं लिहिलेलं असतं, आणि नळीला आंबट वास येत नाही. मूळ गॅस्केट नीट खोबणीत बसवा, स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत जा, स्क्रूच्या भोकांवर न्यूट्रलचा थेंब द्या, आणि पूर्ण दिवस उघड्यावर सुकू द्या.

तरीही तो छज्ज्याखाली लावा, सॉकेटची तोंडं जमिनीकडे करून. वायरीला सॉकेटच्या पातळीच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकेल, आत शिरणार नाही. त्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर फर्मवेअरचा विषयच आत्ता काढू नका. आधी ती बसवून घ्या.

जर्मन पिनेचं राहिलं. ती आपल्या सॉकेटमध्ये ढिली का होईना बसते, पण तिचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असतं आणि आपलं वरच्या जाड पिनेत. म्हणजे वीज मिळते, अर्थिंग मिळत नाही. पाण्यातली मोटर आणि अर्थिंग नाही, हे डोळ्यांसमोर आणा. दुकानातले दहा-वीस रुपयांचे कन्व्हर्टर बहुतेक बिनअर्थिंगचेच असतात. तुमच्या प्लगला वायर आहे म्हणून सोपं आहे. जर्मन टॉप कापून आयएसआयचा थ्री-पिन टॉप लावा: तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. मग सॉकेट बंद करून दोन्ही भोकांत टेस्टर घाला. बंद असताना दिवा लागला तर रिले न्यूट्रल तोडतोय. जर्मनीत टॉप कसाही फिरवून बसतो, त्यामुळे तिथे कुणी ते बघत नाही. तसं निघालं तर तपकिरी-निळीची अदलाबदल करा आणि टॉपवर चिठ्ठी चिकटवा. कारंज्याच्या मोटरलाही अर्थसह जर्मन टॉप लावावा लागेल, मेहुण्यांना पुढच्या खेपेला दोन आणायला सांगा. माळांचे दोन पिनी ॲडॅप्टर बहुधा तसेच बसतील.

बोअरची मोटर यावर थेट नको. प्लगवर १६ ॲम्पिअर लिहिलंय ते हीटरसारख्या शांत लोडचं. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट ओढते, आणि एवढुशा रिलेचे पॉइंट त्या झटक्याने वितळून एकमेकांना चिकटतात. ॲप ‘बंद’ दाखवतं आणि मोटर चालूच. करायचंच असेल तर प्लगवर फक्त २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (जड लोडसाठीचा मोठा रिले) चालवा आणि मोटर त्या कॉन्टॅक्टरवर, तिच्या नेहमीच्या स्टार्टर-ओव्हरलोडसकट.

आधी राउटरवरून मॅक पत्ता बघा. उघडण्यापर्यंत वेळ आलीच तर मॉड्यूलच्या पत्र्यावरचं नाव आणि गॅस्केटचा फोटो पाठवा, कुठल्या पायाला काय जोडायचं ते त्यावरून सांगतो.